जुन्या पिकअपचं चार्जिंग कुठे मार खातं, ते मीटरने शोधायची रीत

सेल्फ उचलत नाही, हेडलाइट पिवळे पडतात, हॉर्न बसका वाजतो. यातलं एक जरी झालं तरी गाडीमालक सरळ बॅटरीच्या दुकानात जातो आणि नवी बॅटरी टाकून येतो. काही दिवसांनी तीही उतरते, कारण उतरायचं कारण गाडीत तसंच बसलेलं असतं.

माझं काम वायरमनचं. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून दुकान आहे. येणाऱ्या गाड्या बहुतेक टोमॅटो, कांदा, द्राक्षं वाहणाऱ्या: महिंद्राच्या जुन्या डीआय पिकअप, टाटा २०७, अधूनमधून एखादी जीप. या गाड्यांवर घरं चालतात. हंगामात एक रात्र गाडी उभी राहिली, तर सकाळचा बाजार गेला. ज्याच्याकडे साधा डिजिटल मीटर आहे, त्याला दोष स्वतः शोधता यावा म्हणून ही रीत सविस्तर लिहितोय.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कुठलाही भाग बदलण्याआधी इंजिन चालू असताना दोन जागी व्होल्टेज मोजा, एकदा बॅटरीवर आणि एकदा थेट डायनामोवर, म्हणजे अल्टरनेटरवर. डायनामोवरच आकडा कमी असेल तर दोष डायनामोत किंवा बेल्टमध्ये. तिथे बरोबर आणि बॅटरीवर कमी असेल तर दोष मधल्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये. दोन्हीकडे बरोबर असेल आणि तरी सकाळी सेल्फ मारत नसेल, तर एकतर बॅटरी संपलीय, नाहीतर रात्रभर कोणीतरी करंट खातंय. बाकीचं सगळं याच तीन वाटांनी जातं.

डिझेल गाडी दिवसा दोष लपवते

मेकॅनिकल पंपाचं जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला करंट जवळजवळ लागत नाही. ठिणगी नाही, कॉम्प्युटर नाही, फार तर डिझेल बंद करायच्या सोलेनॉइडला लागतो तेवढा. त्यामुळे डायनामो मेलेला असला तरी गाडी दिवसभर मजेत पळते. ड्रायव्हर म्हणतो, गाडी तर चालतेय. संध्याकाळी माल भरून वाशीकडे निघाला की हिशेब बदलतो. ६०/५५ वॅटचे दोन हेडलाइट खालच्या बीमवर ११० वॅट, म्हणजे नऊएक अँपिअर. त्यात टेललाइट, मीटरचे दिवे आणि पावसात वायपर धरले तर पंधरा अँपिअरच्या आसपास. ८० अँपिअर-अवरची बॅटरी आधीच अर्धी असेल तर ती तीन तासही पुरत नाही. इथून निघालेल्या गाडीचे तीन तास कुठे संपतात? कसारा घाटाच्या आसपास. म्हणून चार्जिंगचा दोष मी किरकोळ मानत नाही. कॉमन रेलची, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणारी गाडी व्होल्टेज पडलं की बंदच पडते, निदान कळतं तरी. जुनी गाडी तुम्हाला अंधारात नेऊन सोडते.

हाताशी काय हवं

डिजिटल मीटर, साधा चालेल. टेस्ट लॅम्प, पण एलईडीचा नको. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याला दोन वायरी लावा. याचं कारण महत्त्वाचं आहे. वायरीचा जोड आतून गंजून जेमतेम टेकत असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब मात्र तिथे मिणमिणतो आणि वायरीचा दोष उघडा पडतो. शिवाय हायड्रोमीटर (बॅटरीच्या आम्लाची घनता मोजायची नळी), दहा आणि तेराचा पाना, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर.

पाना फिरवायच्या आधी बॅटरीची मायनसची वायर काढा, आणि जोडताना ती सगळ्यात शेवटी जोडा. डायनामोच्या जाड वायरीला चावी बंद असतानाही बॅटरीचा पूर्ण करंट असतो. तिथे पाना बॉडीला टेकला तर पाना लाल होतो. बॅटरीपाशी विडी-सिगारेट नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

एक जुनी परीक्षा कायमची सोडून द्या: इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर उपटायची आणि गाडी चालू राहते का बघायचं. बॅटरी सुटली की डायनामोचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि त्यात डायोड (डायनामोच्या एसी करंटचा डीसी करणारा भाग) किंवा कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) उडतो. शिवाय डिझेल इंजिन तसंही चालूच राहतं, त्यामुळे कळत काहीच नाही. कोणी मिस्त्री तुमच्या गाडीवर हे करायला लागला तर त्याचा हात धरा.

आधी डोळे आणि हात

बेल्ट बघा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोर देऊन दाबला तर साधारण दहा-बारा मिलिमीटर दबायला हवा. त्याहून ढिला असेल तर डायनामोवर लोड आला की घसरतो, आणि सकाळी सुरू करताना किंचाळतो. व्ही-बेल्टच्या बाजू आरशासारख्या चकाकत असतील तर तो कितीही ताणला तरी घसरणारच. बेल्ट पुलीच्या खाचेत तळाला टेकलाय का तेही बघा. त्याने बाजूंनी पकडायचं असतं, तळाला टेकला म्हणजे झिजला. आणि फार ताणूही नका, बेअरिंग जातं.

मग बॅटरीचे टर्मिनल. पांढरा-हिरवा क्षार दिसला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, ब्रशने घासा, धुवा आणि वाळू द्या. क्षार दिसत नसला तरी टर्मिनल हाताने पिळून बघा. हलला तर तोच दोष. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची पकड, काढून आतून बघा, काळा थर असेल तर पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावू नका.

बॅटरी खरी की खोटी

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी चावी लावायच्या आधी मोजा. आत्ताच चालवून आणली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. अर्ध्या बॅटरीवर पुढच्या परीक्षा करू नका. आधी बाहेरच्या चार्जरने भरून घ्या.

भरल्यावर सेल्फ मारताना मीटर बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरा, लगवर नको. आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. गेला, तर हायड्रोमीटर काढा आणि सहाही घरांची ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाची घनता, घ्या. सगळी १२४० च्या वर आणि एकमेकांच्या जवळपास असतील तर बॅटरीला नावं ठेवू नका. पाच घरं १२५० आणि एक ११५० असेल तर ते घर गेलं, आणि अशी बॅटरी कुठलाही डायनामो वाचवू शकत नाही.

पाणी डिस्टिल्डच घाला. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, ते बॅटरीत जाता कामा नये. मे महिन्यात दर पंधरवड्याला झाकणं उघडून बघा, प्लेटा उघड्या पडू देऊ नका.

चार्जिंगचा लाल दिवा काय सांगतो

मीटरबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा नुसती सूचना देत नाही, तो कामाचा गडी आहे. चावी फिरवली की करंट या दिव्यातून डायनामोच्या डी प्लस खुंटीवर जातो, तिथून कटआऊट आणि कार्बनमार्गे (कार्बन म्हणजे ब्रश) रोटरमध्ये, म्हणजे डायनामोच्या फिरत्या गाभ्यात, आणि रोटर लोहचुंबक बनतो. इंजिन फिरायला लागलं की डायनामो स्वतःचा करंट डी प्लसवर देतो, दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखं व्होल्टेज होतं आणि दिवा विझतो. म्हणून हा बल्ब उडाला तर कित्येक गाड्यांत डायनामो जागाच होत नाही, किंवा एकदा जोरात रेस केल्यावरच होतो. धडधाकट डायनामो खोलला जातो, आणि दोष दोन-तीन वॅटच्या बल्बचा असतो.

चावी चालू, इंजिन बंद: दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर डायनामोची डी प्लसची बारीक वायर काढून तिचं टोक इंजिनच्या साफ लोखंडाला टेकवा. आता दिवा लागला म्हणजे बल्ब, फ्यूज, वायर सगळं बरोबर, दोष डायनामोच्या पोटात, आणि पहिला संशय कार्बनवर. तरीही लागला नाही तर बल्ब, फ्यूज आणि वायर तपासा. उलट वायर हवेत लोंबकळत असताना दिवा लागलेलाच असेल, तर ती वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलीय.

वायर परत जोडून इंजिन सुरू केल्यावर दिवा पूर्ण तेजाने लागून राहिला तर चार्जिंग नाही. मंद, रात्रीच दिसेल असा लागत असेल तर डायोडचा संशय घ्या, किंवा चावीच्या स्विचमध्ये व्होल्टेज मरतंय.

पाना वापरून करायची एक सोपी तपासणी मला फार आवडते. चावी चालू, इंजिन बंद, आणि डायनामोच्या पुलीच्या नटाजवळ लोखंडी पाना न्या. रोटरला करंट मिळत असेल तर पाना ओढला जातो, हाताला स्पष्ट जाणवतं. चावी बंद केली की ओढ सुटते. ओढ नाही म्हणजे रोटरपर्यंत करंट पोचतच नाही.

दोन आकडे

आता इंजिन सुरू करून अॅक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांगा, रिकाम्या आयडलवर मोजू नका. सगळे दिवे बंद असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला हवं. मग हेडलाइट, वायपर, ब्लोअर, सगळं लावा. साडेतेराच्या खाली पडता कामा नये. १२.५ च्या आसपास रेंगाळलं तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेलं तर कटआऊट गेलाय. तशा गाडीचे बल्ब वारंवार उडतात, बॅटरीचं पाणी भराभर आटतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. ती गाडी तशीच चालवू नका.

सगळं चालू ठेवूनच डायनामोवर मोजा: लाल प्रोब जाड वायरीच्या बी प्लस नटावर, काळा डायनामोच्या अॅल्युमिनियमच्या बॉडीवर. हे झाल्यावर फरक कुठे पडतो ते शोधायचं. मीटर दोन व्होल्टच्या रेंजवर घ्या. एक प्रोब बी प्लसवर आणि दुसरा बॅटरीच्या प्लस खुंटीवर धरला की प्लसच्या वाटेत किती मरतं ते थेट दिसतं, ०.३ च्या आत हवं. मग एक प्रोब डायनामोच्या बॉडीवर, दुसरा बॅटरीच्या मायनस खुंटीवर. इथे ०.२ च्या आत हवं.

ही शेवटची परीक्षा फारसं कोणी करत नाही, आणि जुन्या गाडीत सगळ्यात जास्त उपयोगी तीच पडते. निफाडकडचे एक आबा त्यांची २०७ घेऊन आले होते. सेल्फ कण्हत होता, रोज उतारावर उभी करून धक्क्यावर सुरू करायचे. बॅटरी नवी टाकून झाली होती, डायनामोही एकीकडे भरून, म्हणजे नव्या तारेने गुंडाळून, आणलेला. मला म्हणाले, "आता बॅटरी अजून मोठी टाकून दे, कटकट मिटव." म्हटलं, "आबा, बॅटरीला हात नका लावू, आधी मला मोजू द्या." दिवे लावून मोजलं: डायनामोवर १४.२, बॅटरीवर १३.४. म्हणजे ०.८ व्होल्ट वाटेतच जात होतं. प्लसच्या बाजूला ०.२, ते ठीक. मायनसच्या बाजूला ०.६. तेव्हा विचारलं, "गाडीला एवढ्यात रंग मारलाय का?" मारला होता, दिवाळीच्या आधी.

गाडीखाली शिरलो. इंजिनपासून चॅसिसला येणारी विणीची अर्थपट्टी जिथे बोल्टने बसते, तिथे चॅसिसवर जाड काळा रंग, आणि पट्टीचा लग त्या रंगावरच आवळलेला. करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमधून जाईल तेवढाच. आबांना हात लावून बघायला सांगितलं, सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल कोमट लागत होती, कारण सेल्फचा करंट परत यायला मिळेल ती वाट धरत होता. बोल्ट काढला, चॅसिसवर रुपयाएवढी जागा लोखंड चमकेपर्यंत घासली, लग दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत साफ केला, खाली दात्यांचा वॉशर टाकून आवळला आणि वरून जेली लावली. पुन्हा मोजलं, ०.०५. बॅटरीवर १४ च्या आसपास. सेल्फ पहिल्या चावीला.

डायनामो आपलं व्होल्टेज स्वतःपाशीच मोजतो, कारण कटआऊट त्याच्याच पोटात आहे. त्याच्या मते तो १४.२ देतच होता, आणि बॅटरी मात्र उपाशी राहत होती. म्हणून गाडीला रंग, वेल्डिंग किंवा इंजिनचं काम झालं असेल, तर अर्थपट्टी आधी बघा.

डायनामो खोलायची वेळ आली तर

दोन्हीकडे आकडा कमी, बेल्ट चांगला, लाल दिवा आणि वायरी ठीक, तरच खोला. कार्बन पाच मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर बदला, आणि ते घरात अडकत नाहीत ना, स्प्रिंग दाबतेय ना, हेही पाहा. रोटरच्या दोन रिंगांमध्ये मीटर ओहमवर लावला तर साधारण अडीच ते चार ओहम यायला हवेत, आणि रिंग ते शाफ्ट काहीच नाही. तिथे आकडा दिसला तर रोटर बॉडीला लागलाय.

डायोडची परीक्षा न खोलताही होते. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि बॅटरीला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड गेलाय. मात्र तोच मीटर आधी इंजिन बंद ठेवून एसीवरच बॅटरीला लावून बघा. काही स्वस्त मीटर नुसत्या डीसीवरही वीस-पंचवीस व्होल्ट दाखवतात. दाखवलं तर तो मीटर या परीक्षेला चालणार नाही. प्रोब उलटे केले तर शून्य येईल, पण ते शून्यही खोटं, दुसरा मीटर घ्या.

रात्रीत उतरत असेल तर

सगळे आकडे बरोबर आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी रिकामी? चावी काढा, दारं लावा, मायनसची वायर काढा आणि तिच्या व बॅटरीच्या मध्ये मीटर, त्याची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून, जोडा. मीटर मध्ये असताना सेल्फ चुकूनही मारू नका. जुन्या पिकअपला ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त काही दिसायला नको. अर्धा अँपिअर दिसला तर तीन दिवसांत ३६ अँपिअर-अवर गेले, म्हणजे जवळपास अर्धी बॅटरी. एकेक फ्यूज काढत जा, ज्यावर आकडा पडेल ते सर्किट. थेट बॅटरीवर जोडलेला टेप, जीपीएसचा डबा आणि मोबाइलचा चार्जर यांच्यावर माझा पहिला डोळा असतो. कुठल्याच फ्यूजने आकडा पडला नाही, तर डायनामोची जाड वायर काढून बघा. पडला की डायोड उलटा करंट सोडतोय. अशा गाडीचा डायनामो सकाळी इंजिन गार असतानाही हाताला कोमट लागतो.

व्हॅक्यूम पंप विसरू नका

बऱ्याच महिंद्रा डीआय आणि २०७ मध्ये ब्रेक बूस्टरचा (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्याचा) व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीवर बसवलेला असतो, त्याला इंजिनचं ऑइल नळीने येतं. याचे दोन परिणाम. पंपाचं सील गेलं की ऑइल डायनामोत उतरतं आणि कार्बन चिकटतात. तुम्ही नवे कार्बन टाकले आणि सील तसंच ठेवलं, तर तेही चिकटणार. आणि दुसरं, चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर लाल दिवा लागतो आणि थोड्याच वेळात ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागतात, पण पायाचा सगळा जोर द्यावा लागतो. भरलेल्या गाडीला घाटात हे झालं तर खालच्या गिअरवर राहा, सुरक्षित जागा दिसताच बाजूला घ्या, आणि बेल्ट टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक जास्तीचा बेल्ट सीटखाली कायम असू द्या.

डायनामो परत बसवल्यावर ऑइलच्या नळ्यांचे वॉशर नवे घाला. इंजिन सुरू करून नळ्या गळत नाहीत ना ते बघा. इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर गाडी दुकानाबाहेर काढू नका.